गटासोबत पहिल्यांदा पळताय? शेवटून पहिल्या आलात तरी चालेल

जळगावातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. वय ३७. दोन महिन्यांपासून सकाळी चालतात, मध्ये मध्ये पळतात. न थांबता जास्तीत जास्त दोन किलोमीटर जमतं. मैत्रिणीने परस्पर रनिंग ग्रुपच्या डिसेंबरातल्या ५ किलोमीटरच्या धावेत नाव घातलंय आणि हातात तीन आठवडे आहेत. काय खाऊ, काय घालू, मध्येच थांबावं लागलं तर काय करू, आणि सगळ्यात शेवटी राहिले तर?

ताई, आधी शेवटी राहण्याचं बोलू. बाकीचे प्रश्न बूट-केळ्यांचे आहेत, ते सुटतात. झोप उडवतो तो हाच. मी नऊ वर्षं गटात पळतेय आणि त्यातली सहा वर्षं नवख्यांची बॅच माझ्याकडे आहे. सगळ्यात मागे राहण्याची भीती जवळजवळ प्रत्येकीला असते, आणि गंमत अशी की प्रत्यक्षात सगळ्यात मागे मी असते. बऱ्यापैकी आयोजन असेल तिथे ‘स्वीपर’ नावाचा माणूस असतो. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहायचं आणि त्याला एकटं सोडायचं नाही, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला शेपूट म्हणतो. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ जणांनी सुरू केलेली ‘पार्करन’ नावाची धाव आता कितीतरी देशांत दर आठवड्याला होते, तिथेही शेवटी एक स्वयंसेवक ठरवून चालत येतो, म्हणजे शेवटचा नंबर कुणा पाहुण्याच्या वाट्याला येतच नाही. तेव्हा आयोजकांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: शेपटाला कोण आहे, आणि रस्ता किती वेळ चालू ठेवणार? पाच किलोमीटरला तासभर मिळत असेल तर तुम्ही निर्धास्त. तुमचं गणित ४५ मिनिटांच्या आत बसतं, ते पुढे सांगते. उत्तर गुळमुळीत आलं तर नाव घालणाऱ्या मैत्रिणीलाच शेवटपर्यंत सोबत राहायला लावा. तिने नाव घातलंय, तिने निस्तरावं.

खरा धोका शेवटच्या नंबरात नाही, पहिल्या किलोमीटरमध्ये आहे.

माझी पहिली धाव मेहरूण तलावावरची. वय ४१, पायात मुलाचे जुने बूट, वर घरचाच कुर्ता. डिसेंबरातली थंडी, पाण्यावर धुकं, कडेने ढोल. तीन-दोन-एक झालं आणि मी सुटले. पुढे पोपटी टी-शर्टातला कॉलेजचा पोरगा होता. का कुणास ठाऊक, याला गाठायचंच असं मनाने घेतलं. घरी मी किलोमीटरला साडेआठ-नऊ मिनिटं घ्यायचे, त्या दिवशी पहिला सहा मिनिटांत झाला. मला वाटलं, आज अंगात आलंय! दीड किलोमीटरला उजव्या बरगडीखाली कळ उठली, तोंडाला लोखंडासारखी चव आली आणि मी काठच्या कट्ट्यावर फतकल मारली. समोरून एक आजी नातीचा हात धरून निवांत पुढे निघून गेल्या. नातीने वळून बघितलं, ते अजून आठवतं. मग शेपटावरचे काका आले. त्यांनी घड्याळ दाखवलं नाही की भाषण दिलं नाही. म्हणाले, “काय घाई शे, माय? ऊठ, चालू.” उरलेले साडेतीन किलोमीटर आम्ही चालत-पळत काढले. वाटेत त्यांनी कपाशीचा भाव, गुडघ्याचं दुखणं आणि लेकीच्या सासरची भांडणं एवढं सगळं सांगितलं. मला उत्तर द्यायलाही दम नव्हता, पण पाय चालू राहिले. वेळ लागला ५२ मिनिटं. पोपटी टी-शर्टवाला, नंतर कळलं, १० किलोमीटरच्या शर्यतीतला होता.

हे असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे त्या सकाळी मोह आवरेल. पळायला लागल्याबरोबर पायांना ऑक्सिजन जास्त लागतो, पण हृदय आणि फुप्फुसं त्या मागणीला पुरी पडायला दोन-तीन मिनिटं घेतात. तोवर स्नायू साठवणीतल्या शिदोरीवर भागवतात. म्हणून सुरुवातीला वेग कितीही असला तरी हलकं वाटतं. त्यात गर्दी, ढोल, अंगात भिनलेला उत्साह. उधारीवर पळालेलं हे सगळं दुसऱ्या किलोमीटरमध्ये व्याजासकट वसूल होतं. पहिल्या पाच मिनिटांत आपण किती छान पळतोय असं वाटलं, तर समजा, जास्त जोरात पळताय. तिथे कंटाळा यायला हवा. “एवढं हळू?” अशी लाज वाटली तर वेग बरोबर आहे.

वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. तुम्ही शिक्षिका, तेव्हा सोपं आहे: पळता पळता सतराचा पाढा म्हणा. ‘सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न’ एका दमात निघालं तर ठीक. ‘सतरा’ म्हटल्यावर ‘दुणे’साठी श्वास घ्यावा लागला तर वेग उतरवा. आमच्या बॅचमध्ये मी नवख्यांना मुद्दाम बोलतं ठेवते. ज्या बाईची बडबड बंद झाली तिच्याकडे आधी लक्ष जातं.

आता मध्येच थांबण्याचं. तुम्ही दोन किलोमीटर न थांबता पळता, म्हणून पाचही तसेच काढायचा हट्ट धरू नका. चाला, पण दमल्यावर नाही. ठरवून, पहिल्या मिनिटापासून चाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटर पळलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी नवख्यांना शिकवताना ही पळ-चाल पद्धत रुजवली आणि आज जगभर लोक तिच्यावर पूर्ण मॅरेथॉनसुद्धा करतात. तुमच्यासाठी तीन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं. पळताना किलोमीटरला आठ मिनिटांचा वेग धरला तर तीन मिनिटांत ३७५ मीटर होतात. मिनिटभराच्या झपाझप चालण्यात आणखी ९० मीटर. म्हणजे चार मिनिटांत साधारण ४६५ मीटर. अशा पावणेअकरा फेऱ्यांत पाच किलोमीटर संपतात, वेळ ४३ मिनिटं. कागदावर एकदा मांडून बघा, छातीतली धडधड निम्मी होईल. पहिल्या तीन मिनिटांनंतर सगळे पळत असताना चालायला फार जिवावर येतं, हे खरं. तेव्हाच चालायचं असतं. चौथ्या किलोमीटरला तेच लोक तुमच्या शेजारी येतात.

चालायला लागताना एक शिस्त मात्र पाळा. जागच्या जागी थांबू नका, मागचा धडकतो. हात वर करा, कडेला सरका आणि मग चाला. नव्या माणसांपैकी बहुतेकांना हे कुणी सांगतच नाही.

तीन आठवड्यांत काय करायचं? फार काही नाही. आठवड्यात दोन दिवस अर्धा-अर्धा तास हीच तीन-एकची पद्धत, आणि रविवारी थोडं लांब: पहिल्या रविवारी साडेतीन किलोमीटर, दुसऱ्या रविवारी साडेचार. तिसरा रविवार धावेचा. त्या शेवटच्या आठवड्यात मंगळवारी आणि गुरुवारी वीस-वीस मिनिटं, शुक्रवार-शनिवार आराम. शेवटच्या चार दिवसांत दम वाढत नसतो, फक्त थकवा वाढतो. पाच किलोमीटर आधी पूर्ण करून बघण्याचीही गरज नाही. साडेचार जमले की उरलेला अर्धा किलोमीटर ढोलवाले काढून घेतात. बीपी, शुगर असेल, चालताना छातीत दडपण येत असेल, कधी चक्कर आली असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झालेला असेल, तर या तीन आठवड्यांतला पहिला फेरा डॉक्टरांकडे. यात मी कुणाचं ऐकत नाही. धावेच्या दिवशी अंगात ताप असेल तर घरी झोपा, नाव काढलं तरी चालेल.

कुत्र्यांचं विचारलं नाहीत, पण पहाटे एकटीने सराव करणार म्हणून सांगते. कुत्रं अंगावर आलं की पळायचं नाही. थांबायचं, तोंड त्याच्याकडे ठेवायचं आणि सावकाश मागे सरकत चालायला लागायचं. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभावच आहे. चावलंच तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना काही नाही. आणि मोकळ्या रस्त्यावर सराव असेल तर उजव्या कडेने पळा, म्हणजे गाडी समोरून दिसते. डिसेंबरात सूर्य उगवायलाच सात वाजतात. त्याआधी निघत असाल तर फिक्या रंगाचे कपडे घाला आणि कान मोकळे ठेवा. गाणी हवीच असतील तर एकाच कानात.

खाण्याच्या बाबतीत आपल्या खान्देशाची अडचण अशी की शनिवारी रात्री घरी कुणीतरी वरण-बट्टीचा बेत करतंच. “उद्या पळायचं आहे ना, मग जेव नीट.” तुपात बुडालेल्या चार बट्ट्या रविवारी पहाटे पोटात तशाच बसलेल्या असतात. शेवभाजीची तर्री तर त्याहून वाईट, ती बरोबर दुसऱ्या किलोमीटरला आठवण करून देते. मी एकदा हिरव्या मिरचीचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन गेले होते. त्या धावेचा रस्ता मला आठवत नाही, स्वच्छतागृह कुठे होतं ते आठवतं. शनिवारी आठच्या आत साधा वरणभात किंवा खिचडी, रोज खाता तेवढीच. पाच किलोमीटरसाठी पोटात वेगळा साठा करावा लागत नाही.

सकाळी उठल्यावर एक पेला पाणी आणि निघण्याआधी तासभर एक केळ. जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा बाजारातल्या रंगीबेरंगी पुड्या घेण्याआधी घरचा घड बघा. चहाची सवय असेल तर अर्धा कप घ्या. सवय मोडायचा दिवस तो नव्हे. डिसेंबरच्या गारव्यात पाऊण तासाच्या धावेत वाटेत पाणी प्यायलाच हवं असं नाही. घसा कोरडा पडला तर दोन घोट, चालता चालता. प्रत्येक टेबलावर पेला रिचवणाऱ्या बायका मी बघते, पोटात पाणी डचमळतं आणि मग कळ येते. उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, पहाटे साडेपाचलाही हवा तापलेली असते. तेव्हा वेग विसरायचा, वेळ निम्मा करायचा आणि घाम जास्त गेला तर मीठ-साखरेचं पाणी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण ती चिंता एप्रिलमध्ये करा.

कपड्यांसाठी एकच कायदा: त्या दिवशी अंगावर नवं काहीच नको. धावेसोबत मिळणारा टी-शर्टसुद्धा नाही. तो आदल्या दिवशी हातात पडतो, कडक असतो, शिवण काखेत घासते. घालायचाच असेल तर पुढच्या धावेला, धुवून, दोन दिवस वापरून. चांगल्या बसणाऱ्या स्पोर्ट्स ब्रावर मात्र पैसे खर्च करा, बुटांच्या आधी. कुर्ता-सलवार चालते, ओढणी घरी ठेवा. काखेत आणि मांड्यांना आतून थोडं व्हॅसलीन लावा, नाहीतर नंतर आंघोळीचं पाणी अंगावर पडल्यावर कळतं कुठे कुठे सोलवटलंय. पाळीची तारीख त्याच सुमारास असेल तर पळायला हरकत नाही, पण पहिल्या दिवशी त्रास होत असेल तर आयोजकांना कळवून मोकळ्या व्हा. पुढच्या रविवारी परत गट असतोच.

बूट सध्या चालताना वापरता तेच ठेवा, फक्त पुढे अंगठ्यापाशी बोटभर जागा आहे ना ते बघा. नवे घ्यायचेच असतील तर आत्ताच घ्या, संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं. आता ही नाडी बघा. बहुतेक बुटांना सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं आणि कुणीच ते वापरत नाही. नाडी शेवटच्या भोकातून काढल्यावर त्याच बाजूच्या जादा भोकात घाला, तिथे छोटा फास तयार होतो. दोन्ही बाजूंना असे फास केले की उजवी नाडी डाव्या फासातून, डावी उजव्यातून ओवा, खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच बुटात घट्ट बसते, पुढे बोटांना जागा मोकळी राहते, नखं काळी पडत नाहीत. गाठ दुहेरी. उरलेली टोकं आडव्या नाड्यांखाली खोचून द्या.

बिब म्हणजे तो नंबराचा कागद. तो चार पिनांनी छातीवर लावायचा, पाठीवर नाही. मागे टायमिंग चिप चिकटवलेली असेल तर घडी घालू नका. आणि लावण्याआधी मागच्या कोऱ्या बाजूवर रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहा. हे मी सगळ्यांना लिहायला लावते आणि सगळे हसतात.

धावेच्या सकाळी अर्धा तास आधी पोचा, त्याहून लवकर नको. आपल्याकडे पळण्याआधी मान्यवरांची भाषणं असतात, दीपप्रज्वलन असतं, आणि त्याआधी स्टेजवर झुंबा. झुंब्यावर माझा खास राग आहे. डीजे लावून वीस मिनिटं उड्या मारायला लावतात, नवखी माणसं त्यातच घामाघूम होतात, नंतर पुढचा अर्धा तास भाषणं ऐकत गारठतात आणि मग म्हणतात, पळताना दमच नव्हता. तुम्ही बाजूला व्हा. पाच-सात मिनिटं झपाझप चाला, एका झाडाला धरून पाय पुढे-मागे झुलवा, गुडघे उचलून जागच्या जागी थोडं चाला, शेवटी मिनिटभर अगदी हळू पळा. वाकून पायाचे अंगठे धरून ताणत बसण्याची गरज पळण्याआधी नसते. तसलं ताणणं नंतर करा. सुरुवातीच्या रेषेवर मागच्या तिसऱ्या भागात उभ्या राहा. पुढे उभं राहिलं की मागची पोरं ढकलत नेतात, आणि तो पोपटी टी-शर्ट तुमच्याही नशिबी येतो.

वाटेत बरगडीखाली कळ आलीच तर घाबरू नका. चालायला लागा, तोंडाने लांब श्वास सोडा, दुखतंय तिथे बोटांनी दाबा. दोन-तीन मिनिटांत जाते. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अंधारी, किंवा थंडीतही गार घाम, यांपैकी काहीही झालं तर मात्र तिथेच कडेला बसा आणि पहिल्या दिसेल त्या स्वयंसेवकाला सांगा. तिथे ‘लोक काय म्हणतील’ नको.

लोकांचं राहिलं. एकदा शेपटाला असताना माझ्यासोबत साठीतल्या एक मावशी होत्या, लुगडं नेसलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी काहीतरी टोमणा मारला. मावशी थांबल्या नाहीत, फक्त ओरडल्या, “ये ना भो, चार पावलं चाल माझ्यासंगं!” टपरीवरचे चहात बघायला लागले. आपल्याकडे लोक बोलतात, नाही असं नाही. पण पळणाऱ्यांच्या घोळक्यात बोलणाऱ्याला एकटीचा पत्ता लागत नाही. मी एकटीने पळणं सोडून गटात आले, त्याचं अर्धं कारण हे आहे.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. पाच-दहा मिनिटं चाला, नाहीतर पायांत रक्त साचून गरगरतं. स्वेटर सोबत ठेवा, घाम वाळताना डिसेंबरात हुडहुडी भरते. मग पोहे खा, फोटोला थांबा, ज्यांच्यासोबत शेवटचा किलोमीटर काढला त्यांची नावं विचारून घ्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्याचसोबत पळाल.

घरी पोचल्यावर वाटेल, काहीच दुखत नाही. दुखणं सोमवारी येतं आणि मंगळवारी भरात असतं, मांड्यांच्या पुढच्या भागात, चढताना कमी आणि उतरताना जास्त. तुमचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर दोन दिवस कठडा धरून उतरा, पोरं विचारतील तेव्हा खरं ते सांगा. बुधवार-गुरुवारपर्यंत ओसरतं. एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, किंवा आठवडाभर हटत नसेल, तरच दाखवायचं. गुरुवारी सकाळी वीस मिनिटं, तीन-एक, सतराचा पाढा म्हणत.